मोठे ठेवले, बारीक काढले

पुलाच्या कठड्यावर आमच्या यांच्या नावाची पाटी लावायची म्हणून पूल समितीचा सेक्रेटरी काल घरी आला होता. माणूस चांगला आहे. त्याची बेकरी आहे, येताना गरम पाव घेऊन आला. म्हणाला, "काकू, चार ओळी सांगा काकांबद्दल. 'नदीचा मासा वाचवणारे' एवढं तर येणारच, बाकीचं तुम्ही सांगाल ते." मी म्हटलं, बस, चहा टाकते. आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. हसावं की रडावं कळेना. बाहेर येऊन त्याला सांगितलं, उद्या ये बाबा, आठवून ठेवते. आठवायला मला काय धाड भरलीय? सगळं लख्ख आठवतंय. अडचण तीच आहे.

आमचे हे मत्स्यबीज केंद्रावर नोकरीला होते. धरणाच्या पायथ्याशी सिमेंटच्या टाक्यांची रांग, एक मातीचं तळं, पंपाची खोली आणि आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, एवढंच ते केंद्र. माशांची अंडी फलवायची, त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जिरे निघतात ते जगवायचे, बोटाएवढे झाले की बोटुकली म्हणून तळीवाल्यांना द्यायचे, हे काम. मी लग्न होऊन आले त्या दिवशी न्हाणीघरातल्या बादलीत मासे होते. मी म्हटलं, मी अंघोळ कुठे करू? तर म्हणाले, "आज जरा थांब, त्यांना बरं नाहीये." मी तिथेच ओळखलं, आपली सवत कल्ल्यांनी श्वास घेते.

स्वभावाने फार जपणारा माणूस. ताकही फुंकून पिणारा. कोरड्या हाताने माशाला धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो, म्हणून आधी हात ओला करायचा ही यांची सवय. ती इतकी अंगात मुरली होती की आमची लेक झाली तेव्हा तिला पाळण्यातून उचलायच्या आधीही हे हात भिजवून यायचे. पोरगी गार हात लागला की किंचाळायची. मी ओरडायचे, अहो, ती मासा नाही. हे ओशाळून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

केंद्रावर नेहमीचे मासे बरेच होते, पण यांचा जीव अडकला होता तो सोन्यात. सोन्या म्हणजे आमच्या नदीचा मूळचा मासा. खवले पिवळेधमक, उन्हात चमकायचे, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. धरण होण्याआधी हंगामात हे मासे वर उथळ पाण्यात चढायचे आणि गोट्यांच्या पात्रात अंडी घालायचे. धरणाने वाट अडवली. उरलेले जाळ्यांनी नेले. मग एका हंगामात यांना धरणाखालच्या डोहात एक जोडी सापडली, म्हातारी, अंगावर जखमा असलेली. हे त्यांना पोटच्या पोरासारखं उचलून घेऊन आले. त्यांची अंडी फलली, जिरे निघाले, आणि पाठोपाठ ती जोडी गेली. त्यानंतर नदीत सोन्या कुणालाही दिसला नाही. आमच्या मातीच्या तळ्यात होती तेवढीच जात शिल्लक. यांनी त्या दिवसापासून एकच धरून ठेवलं, ही पोरं वयात येतील, अंडी देतील, आणि नदी परत भरेल.

या माशाला वयात यायला फार वर्षं लागतात. मी एकदा विचारलं होतं, यातला नवरा कोण आणि बायको कोण ते तरी सांगा. म्हणाले, "लहानपणी सगळे सारखेच. हंगामात कळतं. नराच्या कल्ल्यामागचा पर खरखरीत होतो, पॉलिश पेपरसारखा. तोंडावर बारीक पांढरे दाणे येतात. पोट हलकेच दाबलं की दुधासारखा थेंब येतो. मादीचा पर गुळगुळीतच राहतो, पोट मऊ पडतं, खालची जागा लाल होऊन फुगते." मी म्हटलं, मग हंगामात बघा की एकदा. तर माझ्याकडे असं बघितलं की मी जणू कुणाला ढकलून द्या म्हणाले. "हंगामात हात लावायचा नाही. त्या दिवसांत घाबरले तर अंडी पोटातल्या पोटात जिरतात." म्हणून वर्षानुवर्षं हंगामात त्या तळ्यात कुणी जाळं टाकलं नाही. मलासुद्धा काठावर चादर झटकायची बंदी होती.

पण मासे वाढतात, तळं वाढत नाही. दर वर्षी थोडे कमी करावे लागायचे. ते काम हे थंडीत करायचे, मासे सुस्त असतात तेव्हा. जाळं ओढायचं, ओल्या फडक्यात एकेक मासा घ्यायचा, मोठा असेल तर परत तळ्यात, बारीक असेल तर बादलीत. बियाणाला मोठंच ठेवावं, हे सगळ्यांना माहीत असतं. सासूबाई हेच करायच्या, मीही हेच करते. वेलीवरची सगळ्यात मोठी काकडी पिवळी होईपर्यंत ठेवायची, बारक्या काकड्या खायच्या. यांनी माशांचं तसंच केलं. कुणी सांगावं यात काय चुकलं? मी काठावर उभी राहून बघायचे. बारीक मासे अंगाने चिंचोळे, चपळ, हातातून सटकायचे. हे म्हणायचे, "यांच्यात दम नाही." बादली स्वयंपाकघरात यायची. मी ते मीठ लावून कुरकुरीत तळायचे. शेजारीपाजारी वाटायचे. चवीला फार छान लागायचे, खोटं कशाला बोलू.

अशी वर्षं गेली. तळ्यात थोडेच मासे राहिले, पण एकेक असा की दोघांनी धरावा. यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. वरून निरोप आला की या हंगामात सोन्याचं बीज निघालं तर केंद्र चालू राहील, नाहीतर बंद. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना सांग, जगात दुसरे मासेही असतात." मी ते यांना सांगितलं नाही.

शहरातून एक मॅडम आल्या. शिकलेल्या, पण नाकाने कांदे सोलणाऱ्या नव्हेत. बूट काढून सरळ तळ्यात उतरल्या. बर्फाच्या डब्यात इंजेक्शनं आणली होती. नर-मादी आधी वेगळे करायचे, मग दोघांनाही सुई द्यायची, म्हणजे एका वेळी तयार होतात. यांनी आदल्या दिवशीच दोन टाक्या घासून ठेवल्या होत्या. डावी माद्यांना, उजवी नरांना. दोन्हीकडे पाणी सोडलेलं. त्या जुन्या जोडीनंतर पहिल्यांदाच हंगामात सोन्याला यांचा हात लागणार होता. सकाळपासून चार वेळा हात धुतले असतील.

माझं काम माशाच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरायचं. डोळे झाकले की मासा गप्प राहतो. पहिला मासा घेतला. यांनी पराखाली अंगठा फिरवला. "गुळगुळीत. मादी." पोट अगदी हलकं दाबलं, तर अंड्यांचे पिवळेधमक दाणे बाहेर. गाबोळीने गच्च भरलेली. या माणसाला मी इतकं हसताना लग्नातही बघितलं नव्हतं. ती डाव्या टाकीत गेली. दुसरा मासा घेतला, तीही मादी. तिसरीही मादी. मी म्हटलं, आज बायकांचीच रांग आहे, नवरे मागे लपलेत. मॅडम हसल्या, हेही हसले. पुढचीही मादी निघाली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

हे पराखाली अंगठा फिरवायचे आणि फिरवतच राहायचे. पुढे, मागे, पुन्हा पुढे. घासून घासून तो खरखरीत होणार असल्यासारखे. मॅडम म्हणाल्या, "काका, सोडा तिला, दमेल ती." मग सोडायचे. तळं रिकामं होत गेलं. डाव्या टाकीत माशांना वळायला जागा उरली नाही. उजव्या टाकीत नुसतं पाणी पडत होतं, स्वच्छ, तळ दिसत होता. शेवटचं जाळं ओढलं, त्यात एकच होती. तिचं पोट दाबायची गरजच नव्हती, तिचे दाणे आपोआप गळत होते.

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "काका, दर वर्षी कमी करायचात ते कुठले?"

हे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, बारीक. आम्ही खाल्ले.

मॅडम तळ्याच्या काठावर बसल्या. म्हणाल्या की काही माशांत असं असतं, मादीला पोटात अंडी वागवायची असतात म्हणून ती मोठी होते, नर लवकर वयात येतो आणि बारीकच राहतो. या माशात हा फरक एवढा असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, कारण हा मासा याआधी कुणी वाढवलाच नव्हता. ती जुनी जोडी सापडली तेव्हा दोघं सारखीच दिसत होती, पण त्यातला नर किती म्हातारा होता कुणाला ठाऊक. त्यांनी यांना एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. हे चिखलात उभे होते. एवढंच म्हणाले, "मीच काढले. निवडून निवडून काढले." मला त्या वेळी यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी फडकं पिळत राहिले, त्यातलं पाणी संपलं तरी.

आणि मग मला क्रेनवाले आठवले. धरणावर क्रेन चालवायचे, आता रिटायर. एका थंडीत ते जाळं ओढायला आले होते, आणि जाताना बादलीतला एक बारका मागून घेतला होता, बागेतल्या हौदात सोडायला. मी तेव्हा म्हटलंही होतं, कशाला नेता, मांजर खाईल. आत्ता हे माझ्या तोंडून निघालं मात्र, आमचे हे चिखलाच्या पायांनी पळतच केंद्राच्या पिकअपमध्ये जाऊन बसले.

हौद होता. पाणी हिरवंगार. क्रेनवाले म्हणाले, "आहे की, जिवंत आहे. संध्याकाळी पाव टाकतो त्याला." यांनी हात भिजवले, कोपरापर्यंत आत घातले आणि कितीतरी वेळ तसेच बसले. मग मासा वर आला. वीतभर, फिकट, बिचारा. यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "खरखरीत आहे," म्हणाले. माझा अंगठा धरून स्वतः तिथे टेकवला. मांजराच्या जिभेसारखं लागलं. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. क्रेनवाले ड्रममध्ये पाणी ओतत म्हणाले, "न्या, पण काम झालं की आणून द्या हं. सवय झालीय त्याची."

मॅडमनी सुया दिल्या. वेळ भरली तसे माद्यांचे दाणे माझ्या घरच्या एनॅमलच्या पातेल्यात काढले. पातेलं पिवळं भरलं. मग नराला घेतलं. दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तेव्हा एक थेंब आला. दुधासारखा नव्हता, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा होता. मॅडमनी त्यातला कणभर काचेवर घेतला आणि आमच्या खिडकीत ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खूप वेळ वाकून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "एखाददुसरा हलतोय." इतकी वर्षं एकट्याने हिरव्या पाण्यात काढलेली, पाव खाऊन. त्याच्याकडून आणखी काय मागायचं?

"एखादा पुरतो," हे म्हणाले. कोंबडीच्या पिसाने थेंब दाण्यांत हलकेच मिसळला, मग पाणी सोडलं, मग दाणे ट्रेमध्ये पसरले आणि वरून बारीक धार चालू केली. फललेलं अंडं काचेच्या मण्यासारखं आरपार राहतं. न फललेलं पांढरं होतं, आणि पांढऱ्यावर बुरशी चढली की शेजारचं चांगलंही जातं. म्हणून पांढरी वेचून काढावी लागतात. सकाळी हे ट्रेपाशी गेले तेव्हा बहुतेक पांढरी झाली होती. हे खाली बसले, पीस घेतलं आणि वेचायला लागले. दुपारी मी जेवायला बोलावलं, आले नाहीत. ट्रेमध्ये इथे एक, तिथे एक आरपार दिसत होतं. हे त्यांच्यावर वाकून बसले होते, डोळ्यांत तेल घालून. उन्हं उतरली तेव्हा मी जाऊन बघितलं. ट्रे रिकामा होता, त्यावरून पाण्याची धार पडत होती. मी नळ बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे गं थोडा वेळ."

नर दोन दिवसांत ड्रममध्येच मेला. क्रेनवाल्यांना सांगायला हे चालत गेले. काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही. मॅडमनी कुठकुठल्या नद्यांवर विचारून बघितलं, एक नर मिळेना. त्यांचा फोन आला की हे रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मग फोन थांबले.

केंद्र बंद झालं. मासे नदीत सोडा, असा हुकूम आला. आणि इथून पुढची कथा माझ्या डोक्यात जाते. सोडायच्या दिवशी नदीकाठी मंडप काय, माईक काय, फोटोवाले काय. एवढाले सोनेरी मासे लोकांनी जन्मात बघितले नव्हते. टाळ्यांवर टाळ्या. यांना राहवलं नाही. समारंभाच्या अध्यक्षांजवळ जाऊन कानात म्हणाले, "साहेब, या सगळ्या माद्या आहेत." अध्यक्षांनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि माईकवर सांगितलं, "ऐकलंत का, सगळ्या माद्या आहेत. म्हणजे आता पिल्लंच पिल्लं." पुन्हा टाळ्या पडल्या. हे मागच्या मागे मंडपाबाहेर पडले.

तेव्हापासून दर हंगामात त्या माद्या पुलाखालच्या उथळ पाण्यात येतात. तिथे गोट्यांवर पाणी खळाळतं, अंडी घालायला तशीच जागा लागते. येतात आणि थांबतात. तोंड प्रवाहाकडे करून नुसत्या थांबतात. हंगाम संपला की पोटातली गाबोळी जिरवून परत डोहात जातात. पुलावर ही गर्दी. आयाबाया लेकरांना उचलून दाखवतात. हे दिसले की लोक वाट करून द्यायचे, कुणी हात हातात घ्यायचं. हाच बेकरीवाला एकदा म्हणाला, "काका, केवढ्या झाल्यात. पुढच्या वर्षी पिल्लं दिसतील, नाही?" आमचा हा माणूस, जन्मात खोटं न बोललेला. कठड्याला धरून म्हणाला, "दिसतील." घरी येताना वाटेत मला म्हणाले, "तू कुणाला काही बोलू नकोस. बघू दे त्यांना."

हे भाजीवाल्याकडे गेले की मोठ्या वांग्यांत एक बारकं वांगं घालायचे पिशवीत. टोमॅटोत एक गोटीएवढा टोमॅटो. भाजीवाला हसायचा, मी हसायचे नाही. मी ते बारकं कधी चिरलंही नाही, तसंच सुकवून टाकायचे. शेवटच्या आजारपणात अंथरुणातून उठवेना, तरी हंगाम यांच्या अंगाला कळायचा. विचारायचे, "आल्या का?" मी पुलावर जाऊन यायचे. आल्यात, म्हणायचे. मागच्यापेक्षा कमी आल्यात हे सांगायचे नाही. माद्यासुद्धा म्हाताऱ्या होतातच ना. हे डोळे मिटून घ्यायचे. एकदा म्हणाले, "अजून किती वर्षं थांबतील गं त्या?" मी म्हटलं, झोपा आता.

आज सकाळी सेक्रेटरी परत आला. वही नाही, कागद नाही, मोबाईल पुढे धरून बसला, सांगा म्हणाला. रात्रभर मी ठरवून ठेवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. बारक्या माशांचं, कढईचं, रिकाम्या टाकीचं. पण त्याचा चेहरा बघितला आणि यांचं ते "बघू दे त्यांना" आठवलं. म्हटलं, लिही बाबा, तुमच्या मनात आहे ते लिही.

तो खूश झाला. पाव खाल्ला, चहा प्याला. उठताना म्हणाला, "काकू, पाटी आम्ही तयार करून ठेवतो. पण लावायची कधी, ते समितीने ठरवलंय. नदीत पहिली पिल्लं दिसतील ना, त्या दिवशी. तुमच्या हाताने."

मी म्हटलं, चालेल. घाई काय आहे.